कानशीच्या दोन चिरा

मी स्वभावाने संशयी आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वकिलाने पुरावा दडवला असं पुढे कुणी म्हणायला नको. दूधवाला जरा जास्त हसला की मी दुधात बोट घालून पाहायचो. घराला कुलूप लावलं की तीनदा ओढायचो, आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा. बायको म्हणायची, "तुमाले त सोताच्या सावलीचाही भरोसा नाई." मी म्हणायचो, सावली भर दुपारी पायाखाली लपून बसते, तिचा भरोसा धरायचा तरी कसा?

यातला अर्धा दोष माझ्या सीनियरचा. अमरावतीच्या कोर्टात मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी शिकवलं, की कागद दुसऱ्याच्या हातात द्यायच्या आधी त्यावर आपली खूण करायची. सही नव्हे, सही सगळ्यांना दिसते. कोपऱ्यात टाचणीने एक भोक पाडायचं. पान बदललं गेलं तर ते आपल्यालाच कळतं. मी हजारो कागदांना भोकं पाडली. एकही पान कधी बदललं गेलं नाही, आणि त्यावरून खुणा उपयोगी पडतात असाच निष्कर्ष मी काढला.

साठ-एकसष्टच्या सुमारास मी एक विलायती स्पोर्ट्स कार घेतली. एका जिनिंग फॅक्टरीच्या मालकाची होती. वीसेक वर्षांची, दोन माणसांपुरती, बिनछपराची, लांब नाकाची, सायकलीसारख्या तारांच्या चाकांची. का घेतली याचं समर्थन मला आजही करता येत नाही. कोर्टाच्या आवारात ती उभी राहिली की पक्षकार माझ्याकडे जरा वळून बघत, हे एक कारण असेल. बायकोला घेऊन पहिल्यांदा अंबादेवीला निघालो. वळणावर ब्रेक दाबला तर गाडी थांबायच्या ऐवजी डावीकडे ओढली गेली, पायाखालचं पेडल थडथडलं, आणि संत्र्यांच्या हातगाडीपासून वीतभर अंतरावर आम्ही थांबलो. बायको खाली उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "ब्रेक दुरुस्त होत नाई तोवर मी या डबड्यात बसत नाई." आणि चालत घरी गेली.

अशा गाडीला हात लावणारा माणूस गावात एकच, असं सगळे सांगत. बडनेरा रोडवर कडुलिंबाखाली पत्र्याची शेड होती, तिथला मिस्त्री. चाळिशीचा, बारीक अंगाचा, कमी बोलणारा. वकिलांच्या बाररूममध्ये मी त्याच्याविषयी चौकशी केली तेव्हा एक जण म्हणाला की माणूस कारागीर आहे, आणि दुसरा हसून म्हणाला, "पाहा बरं! हे लोक अस्सल माल काढून घेतात आणि भंगारातला बसवून देतात." पहिल्याचं म्हणणं मी त्याच दिवशी विसरलो.

मी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसलो. मिस्त्रीने जॅक लावला, तांब्याच्या हातोडीने चाकाची मधली चकती ठोकून सैल केली, चाक उतरवलं, आणि आतला ब्रेकचा ड्रम ओढून काढला. ज्यांनी कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: बिडाचं, पसरट पातेल्यासारखं भांडं असतं ते. ते चाकाबरोबर फिरतं, आणि ब्रेक दाबला की लायनर, म्हणजे घर्षणाचं अस्तर, लावलेले दोन अर्धगोल शू आतून त्याच्या भिंतीला दाबून धरतात. मिस्त्रीने ड्रम एका बोटावर टांगला आणि पान्ह्याने हलकेच वाजवला. देवळातल्या घंटेसारखा स्वच्छ आवाज आला. "तडा नाई," तो म्हणाला. मग आतल्या भिंतीवरून बोट फिरवलं, कॅलिपर लावून चार ठिकाणी मापं घेतली.

"जरासाक अंडाकार झाला, वकीलसाहेब. म्हनून पेडल थडथडते. लेथवर हलका हात मारला की बस. ड्रम लय चांगला हाय. असं बीड आता पाहाले भेटत नाई."

लय चांगला हाय, हे शब्द माझ्या कानात अडकले. इतका चांगला आहे, तर याला तो हवाच असणार.

त्याने आधी माठातलं पाणी विचारलं. मी म्हणालो, तहान नाही. मे महिना होता. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "मंग नाक्यावरून चहा आनतो तुमच्यासाठी." पत्र्याच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर टांगलेली होती, पाच-सहा वर्षांपूर्वी त्याच्या सगळ्या वस्तीने धम्म घेतला होता. अमरावतीच्या उन्हात मला तहान का नव्हती, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही. बाररूममधलं 'हे लोक' म्हणजे नेमके कोण, हेही विचारलं नाही.

तो चहा आणायला गेला आणि मी उठलो. टाचणी इथे कामाची नव्हती. त्याच्या हत्यारांत मेणकापडात गुंडाळलेली एक अर्धगोल कानस दिसली, शिसवी मुठीची. ड्रमच्या बाहेरच्या अंगावर खूण केली तर त्याला दिसेल, आणि दिसली की नकली ड्रमवरही तो तशीच खूण मारेल, हा विचार मी केला. मग आतल्या बाजूला, जिथे भिंत घासून गुळगुळीत चकचकीत झाली होती तिथे, काठापासून आत दोन चिरा पाडल्या. नखाला लागतील इतक्या खोल, एकमेकींना समांतर, आखल्यासारख्या सरळ. हात जराही हलला नाही. बिडाची काळी भुकटी फुंकून उडवली, कानस होती तशी गुंडाळली, ड्रम पालथा घातला आणि खुर्चीत येऊन बसलो. चहा चांगला होता.

दुसऱ्या दिवशी गेलो तर मिस्त्री ड्रम मांडीवर घेऊन बसलेला.

"वकीलसाहेब, हा ड्रम बदला लागते."

माझ्या मनात अक्षरशः आनंदाची लहर आली. संशय खरा ठरल्याचा आनंद वाईट असतो, पण असतो. मी म्हणालो, "काल तर म्हणालात हलका हात मारला की बस?"

"काल ह्या चिरा नोत्या. हे पाहा. लायनर खाऊन टाकन हे. चिरा काढाच्या त इतकं बीड काढा लागते की ड्रम पापडावानी पातळ होईन. घाटात फुटला त तुमी गेले." त्याने मान वर केली. "काल मी चहाले गेलतो तवा इथं कोनी आलतं का?"

"कुणी आलं नव्हतं," मी म्हणालो. शब्दशः खरं होतं. आलं कुणीच नव्हतं.

मी माझ्याच चिरांवर वाकून गंभीर चेहऱ्याने पाहिलं. माझ्या डोक्यात जे चक्र फिरत होतं ते आज सांगताना लाज वाटते. मला वाटलं, याला माझी खूण सापडली. आता ड्रम गुपचूप बदलता येत नाही म्हणून तो उघडपणे बदलू पाहतोय, माझाच पुरावा माझ्यावर उलटवतोय, आणि खूण माझी आहे हे मला सांगताही येणार नाही हे त्याला ठाऊक आहे. काय बेरकी माणूस! असा पक्षकार मिळाला असता तर मी एकही खटला हरलो नसतो.

"दुसरा ड्रम कुठे मिळेल?" मी विचारलं.

"अकोल्याले. जुन्या शहरात माहे उस्ताद हायेत, त्यायच्याच लेथवर सात वर्सं शिकलो. जुने ड्रम असतात त्यायच्याजवळ. जवळपासच्या मापाचा भेटला त खरादून बसवून देतीन."

मी म्हणालो, मीही येतो. आणि हा ड्रम मी धरतो.

बडनेऱ्याहून गाडी पकडली. मिस्त्री थर्ड क्लासने जाणार म्हणून मीही थर्डनेच गेलो, ड्रम त्याच्या हाती लागू नये म्हणून. गोणपाटात गुंडाळलेलं ते सहा-सात शेरांचं धूड मांडीवर घेऊन मी अकोल्यापर्यंत बसलो. मूर्तिजापूरला एका म्हातारीने विचारलं, "काय हाय बापा त्याच्यात? देव हाय का?" मिस्त्री हसला. मी हसलो नाही. त्याचं हसू तपासत बसलो.

मोर्णा नदीच्या पलीकडे जुन्या शहरातल्या एका बोळात उस्तादांचं दुकान होतं. सत्तरीच्या आसपासचे, पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा, हाताची बोटं अजून सरळ. मिस्त्री वाकून त्यांच्या पाया पडला. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि मला अभिमानाने सांगितलं, "मेरे हाथ का लडका है. बारह लोग सीखे यहाँ. कानस मैंने तीन ही को दी." काम पूर्ण हाती आलं, आणि नियतही साफ आहे अशी खात्री पटली, म्हणजे ते शागिर्दाला स्वतःच्या हत्यारांतली एक कानस देत. ती ज्याच्याकडे असेल त्याला अकोल्यापासून परतवाड्यापर्यंत कुठल्याही कारखान्यात कुणी काही विचारत नसे. मिस्त्रीने पिशवीतून मेणकापड काढून उलगडलं. आत तीच शिसवी मुठीची, मी वापरलेली कानस होती.

उस्तादांनी ड्रम उजेडाकडे धरला. बोट फिरवलं. चिरांवर ते थांबलं. चष्मा कपाळावर सारून त्यांनी ड्रम डोळ्याजवळ नेला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला.

"ये घिसा हुआ नहीं है," ते म्हणाले. "कानस से मारा है. जान के." मग कानस उचलून टोक पाहिलं. "इसका एक दाँत टूटा है. लकीर के बाजू में बाल जैसी दूसरी लकीर आती है. देख."

मिस्त्रीने पाहिलं. मीही पाहिलं. प्रत्येक चिरेशेजारी केसासारखी बारीक रेघ होती.

"ये दो लकीरें नहीं होतीं तो हलका हाथ मारने से काम हो जाता. ये ड्रम दस साल और चलता." त्यांनी ड्रम खाली ठेवला. "बेटा, अच्छा ड्रम बिगाड के गाहक को दूसरा बेचना, ये तूने कहाँ सीखा?"

मला त्याच क्षणी सगळं कळलं. मिस्त्री पहिल्या दिवशी खरं बोलला होता, दुसऱ्या दिवशीही खरंच बोलला होता. मधल्या काळात गुन्हा घडला होता तो माझ्या हातून.

"उस्ताद, म्या नाई मारलं," मिस्त्री म्हणाला.

"कानस किसके पास थी?"

"माह्याजवळ."

"और कौन था वहाँ?"

मिस्त्रीने तोंड उघडलं आणि थांबला. मग त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. तोवर त्याला कळलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. तेव्हा कळलं. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावरून माझ्या हातांवर गेली आणि परत वर आली. तो वाट पाहत होता. एक वाक्य पुरलं असतं. दुसऱ्यांसाठी बोलण्यावर माझं पोट चालायचं, आणि मी भिंतीवर टांगलेले लेथचे पट्टे बघत उभा राहिलो. सांगितलं तर हे दोघं मला काय म्हणतील, अमरावतीत ही गोष्ट कशी फिरेल, बाररूममध्ये कोण कोण हसेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

"कोनी नोतं," मिस्त्री म्हणाला.

उस्तादांनी कानस पुसली, मेणकापडात गुंडाळली आणि आपल्या मागच्या फळीवर ठेवली. आवाज चढवला नाही. "गाडी का कोई कसूर नहीं," असं म्हणून उठले आणि भंगाराच्या ढिगातून दुसरा ड्रम शोधून काढला. वाजवून पाहिला, मापं घेतली, लेथवर चढवला. दीड तास बिडाची भुकटी उडत राहिली. मिस्त्री उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही आणि मशीनला हातही लावू दिला नाही.

परतीच्या गाडीत नवा ड्रम मिस्त्रीच्या मांडीवर होता, जुना त्याच्या पायाशी. मी मागितला नाही.

चार दिवसांनी त्याने गाडी तयार करून दिली. नवे लायनर, नवं ब्रेक ऑइल. रस्त्यावर नेऊन मी जोरात ब्रेक दाबला. गाडी नाकासमोर सरळ उभी राहिली, पेडल थडथडलं नाही. उतरलो तेव्हा मिस्त्रीने जुना ड्रम माझ्यापुढे ठेवला.

"हा तुमचा. चिरांची खून पाहून घ्या. नाईतं म्हनसान, बदलला."

मी ड्रम घेऊन घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी चिरत होती. चिरायची थांबली. "मंग मले काहून सांगून राहिले?" ती म्हणाली. "त्या मानसाजवळ जा नं." मी म्हणालो, उद्या जातो. ती म्हणाली, "उद्याचा भरोसा हाय का तुमाले?" त्याच पावली निघालो.

मिस्त्रीने मान खाली ठेवूनच ऐकून घेतलं. मी विचारलं, "तुम्ही तिथे माझं नाव का घेतलं नाहीत?"

"घेतलं असतं त उस्ताद म्हनले असते, आता गिऱ्हाइकावर ढकलून राहिला. आन तुमी वकील. तुमच्याविरुद्ध माही साक्ष कोन मानन?" त्याने पान्हा खाली ठेवला. "मले काय सांगता, मले त तिथंच समजलं. अकोल्याले सांगा. माही कानस आना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती गाडी काढली आणि एकटाच अकोल्याला गेलो, शेजारच्या सीटवर जुना ड्रम. बोरगावच्या अलीकडे बैलगाडी आडवी आली तेव्हा ब्रेक इतके छान लागले की मला रडू फुटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

उस्तादांनी मला स्टुलावर बसवलं. मी सगळं सांगितलं: टाचणी, चहा, कानस, चिरा. वकील सांगतो तसं क्रमवार, काही न वगळता. ते मान हलवत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "आप शरीफ आदमी हैं, वकील साब. गरीब को बचाने आए हैं. अल्लाह आपको खुश रखे."

"मी खरं सांगतोय!"

"वकील हैं आप. जिसकी तरफ खडे हों, उसका सच बोलते हैं."

मी चिडलो. आवाज चढवला. आयुष्यात दुसऱ्यावर कधी विश्वास ठेवला नाही, आणि आता माझ्यावर कुणी ठेवेना म्हणून मी बोळातली माणसं जमतील इतका ओरडत होतो. शेवटी उस्ताद उठले, फळीवरून मेणकापड काढलं, कानस माझ्या हातात दिली आणि एक भंगार ड्रम पुढे सरकवला. "लो. वैसी ही दो लकीरें मारो."

मी वाकलो. मूठ घामाने ओली झाली. पहिली चीर मारली ती निसटून वाकडी गेली. दुसरी मध्येच थांबली. त्या दिवशी दगडासारखा स्थिर असलेला हात आता थांबता थांबेना. तिसरी मारली, चौथी मारली. एकही दुसरीला समांतर नाही. उस्तादांनी दोन्ही ड्रम शेजारी शेजारी ठेवले.

"ती केसासारखी रेघ पाहा!" मी म्हणालो. "तुटक्या दाताची. दोन्हीकडे सारखी आहे."

"कानस तो वही है," उस्ताद म्हणाले. "हाथ वो नहीं है. ये," त्यांनी माझ्या जुन्या चिरांवर प्रेमाने बोट फिरवलं, "ये कारीगर का हाथ है. इसीलिए तो दिल दुखा." त्यांनी कानस माझ्या हातातून अलगद सोडवून घेतली, पुसली आणि परत फळीवर ठेवली.

संध्याकाळी बडनेरा रोडवर आलो. गाडी शेडसमोर थांबवली. मिस्त्री लोखंडाची एक पट्टी शिकंज्यात धरून उभा होता. त्याने माझे रिकामे हात पाहिले.

"पाणी मिळेल का?" मी विचारलं.

"माठ तिकडं हाय. घ्या."

मी दोन पेले प्यालो. पेला उपडा ठेवून वळलो तेव्हा त्याने विचारलं, "ब्रेक कसे लागतात?"

"चांगले लागतात."

"लागालेच पायजे," तो म्हणाला, आणि बाजारातून आणलेल्या नव्या कानशीने पट्टी घासू लागला.